गिऱ्ह्याच्या खांद्यावरून मागणी

आलात सगळे? मग ती बत्ती जरा बारीक करा, नि भाजलेल्या काजूबियांची टोपली मधे ओढा. हात चालू दे, कान इकडे. माझ्याकडे फुकट गोष्ट नाही मिळत, बिया फोडत ऐकायची. आणि तू रे, दारात बसलायस तो, आत सरक. मागाहून घाबरून माझ्या अंगावर पडशील, माझी हाडं आता तेवढी राहिली नाहीत.

तर ऐका. ही गोष्ट आमच्या मथुराआत्याच्या नवऱ्याची, विश्रामची. तो यात मेला नाही हो, आधीच सांगते. मेला असता तर लहानपणी मला जत्रेत खांद्यावर घेऊन कोण नाचला असता? पण मरता मरता वाचला. आणि कशापायी? लग्नाची मागणी घालायला निघाला होता, त्यापायी!

विश्राम सड्यावरचा. सडा तुम्ही पाहिलाय. वर आभाळ, खाली तांबडा कातळ, मधे विश्राम. माती म्हणाल तर भाकरीएवढी जाड. पावसात तेवढ्या मातीवर अशी रानफुलं येतात की पाय कुठे ठेवू असं होतं, आणि उन्हाळ्यात तोच सडा तव्यासारखा तापतो. झाड नाही, आडोसा नाही. घरं चार, तीही एकमेकांपासून ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. म्हणून सड्यावरच्या माणसांची एक रीत. कोणी हाक मारली की ओ द्यायची. रात्रीची हाक असली तर आधी ओ द्यायची, मग चूल सोडून बाहेर यायचं. कारण सड्यावर रात्री हाक मारणारा माणूस वाट चुकलेला असतो. त्याला ओ दिली नाही तर सकाळी तो कड्याखाली सापडतो. चांगली रीत आहे की नाही? आहेच मुळी. पण ती सड्यावर!

आणि आमची मथुराआत्या खाडीपल्याडची, मिठागरातली. माझा आजा पुतळाजी मीठ पिकवायचा आणि आत्या ते डोक्यावर घेऊन सड्यावर विकायला जायची. विश्रामच्या घरी खाणारी माणसं दोन, तो आणि त्याची आई. पण वर्षभरात घरातली सगळी मडकी मिठाने भरली! शेवटी आई म्हणाली, "झिला, आता मीठ नको घेव. ती मिठवालीच घरात हाड."

हसता काय? तुमच्या घरात काय वेगळं झालं?

पण पुतळाजीच्या गावात मागणीची एक जुनी रीत होती. खाडीच्या गावात मुलगी मागायची तर मुलाने एकट्याने यायचं, रात्रीच्या सुकतीला, पाणी उतरलेलं असताना, खाडीच्या तळातून पायी. हातात नारळ. आणि नारळ सुका पोचला पाहिजे. भिजलेला नारळ आला तर पोरगी नाही. का? तर ज्याला खाडी कळत नाही, त्याच्या हाती लेक दिली तर ती दोन पावसाळ्यांत विधवा व्हायची. कडक रीत होती, पण उगाच नव्हती.

आता खाडी म्हणजे नदी नव्हे बरं. नदीला एकच वाट ठाऊक, खाली. आपली खाडी दिवसातून दोनदा माहेरी जाते आणि दोनदा सासरी येते. वरून नदी घाटातली माती घेऊन येते, खालून समुद्र तिला मागे ढकलतो. दोघांचं भांडण जुंपतं, आणि भांडणात दोघांच्या हातातलं जे सांडतं, तो आपला चिखल. काळाभोर, लोण्यासारखा. वरून बघाल तर सगळीकडे सारखाच. पण एका ठिकाणी पाऊल घोट्यापर्यंत जातं, आणि हातभर बाजूला टाकलं तर कमरेपर्यंत. तिवराच्या झाडांपासून पुढे चिखल, मग शिंपल्यांची कडक पट्टी, मग मधला ओहळ गुडघाभर, मग परत चिखल, की आलं मिठागर. अशी वाट. पाणी उतरलेलं असलं तर माणूस चिलीम संपायच्या आत पार होतो.

विश्रामने ही वाट दिवसा चार वेळा तपासली. संकष्टीची रात्र निवडली. का निवडली? संकष्टीला चंद्र उगवायच्या सुमाराला आपल्या खाडीला पुरती सुकती असते. पाणीही खाली आणि उजेडही. शहाणा होता हो. शिवाय पुतळाजीच्या घरी उपास. चंद्र दिसला की मोदकांचं ताट वाढणार. म्हणजे मागणी मान्य झाली तर तोंडही लगेच गोड!

निघाला. नवं धोतर गुडघ्यावर खोचलेलं, डोक्याला मुंडासं, काखेत नारळ. आईने पाठीवरून हात फिरवला. सड्याची उतरण उतरला, काजूची बाग ओलांडली, खाजणातल्या भाताच्या बांधावरून तिवरांपाशी आला. अंधार. चंद्र अजून वर यायचा होता. पल्याड पुतळाजीच्या दारातला दिवा तेवढा लुकलुकत होता. विश्राम त्या दिव्याकडे बघून स्वतःशीच हसला. शीळ घालत चिखलात उतरला. अरे शीळ कसली घालतोस रात्रीची! पण सड्यावरच्या माणसाला कोण सांगणार?

आणि ऐका. तिवरातून हाक आली.

"विश्रामाऽऽ"

एकदाच. बारीक आवाज. ओला आवाज.

आपलं खाडीतलं शेंबडं पोरही अशा हाकेला ओ देत नाही. तीन हाका होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण भुताला तिसरी हाक मारता येत नाही, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. पण विश्राम? सड्यावरचा! त्याला वाटलं, कोणीतरी वाट चुकलं. छाती भरून म्हणाला, "ओऽऽ! खंय आसंस रे? हंयसर ये!"

झालं! बोलावणंच दिलं की!

तिवराच्या मुळ्यांतून एक बुटका म्हातारा बाहेर आला. खांद्यावर जाळं, हातात मासे ठेवायची टोपली. केस मात्र लांब, पार टाचांपर्यंत, आणि त्यांतून पाणी गळतंय. टप. टप. टप. सगळीकडे सुकती, आणि हा गळतोय! तो कोण ते तुम्हाला कळलं, मला कळलं. गिऱ्हा! खाडीत बुडून मेलेला, पाण्यात राहणारा, माणसाला खेळवत खेळवत खोल पाण्यात नेणारा गिऱ्हा. विश्रामला मात्र वाटलं, बिचारा म्हातारा भिजलाय.

"तमाखू आसा काय रे?" गिऱ्ह्याने विचारलं.

"आसा की." विश्रामने चिमूटभर दिली. गिऱ्ह्याने ती गालात दाबली आणि खूश होऊन म्हणाला, "चल, मी वाट दाखयतंय. पुतळाजीकडे जातंस मा? पोरगी चांगली आसा. रागीट आसा, पण चांगली आसा."

भूत झालं तरी गावचंच ना! त्याला सगळ्या चुलींची खबर. चालता चालता कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, कोणाच्या शेतात कोणी बांध सरकवला, सगळं सांगायला लागला. विश्राम हसतोय, विचारतोय, मग काय झालं, मग काय झालं. बोलण्यात वाटेचं भान कुठे राहतं? दिवा समोर होता, तो डावीकडे सरकला. हा डावीकडे वळला. दिवा उजवीकडे सरकला. हा उजवीकडे वळला. चंद्र वर आला तरी ओहळ काही येईना!

"आजोबा, वाट लांबली काय?"

"ही माजी टोपली जड झाली, म्हणान तुका तसां वाटतां. जरा धर बघू."

विश्रामने टोपली घेतली. बघतो तर काठोकाठ मासे! चांदीसारखे चमकताहेत, उड्या मारताहेत. त्याला वाटलं, सासऱ्याला नारळाबरोबर मासेही देऊ, काय रुबाब पडेल! अरे गाढवा, संकष्टीच्या दिवशी मासे घेऊन जातोस उपासाच्या घरी? पण लग्नाळू माणसाच्या डोक्यात एकच खिडकी उघडी असते. चार पावलं गेला आणि टोपली जड, आणखी जड, आणखी जड. पाय रुतायला लागले. घोटा गेला. पोटरी गेली. खाली बघतो तर टोपलीत मासे कुठले, नुसता काळा चिखल! टोपली त्याने फेकली आणि मागे वळला.

म्हातारा नाही.

दिवा नाही.

आणि पायाखाली चिखलही नाही! समोर काय? सडा! हो, सडाच. चांदण्यात पसरलेला तांबडा कातळ, सुकलेलं सोनेरी गवत, आणि तिकडे टोकाला त्याचं स्वतःचं घर. दारात आई. "झिला, ये रे. भाकरी थंड होता." आईचाच आवाज! तिचाच खोकला!

काय वाटलं असेल त्याला? सांगते. त्याला रडू आलं. इतका घाबरला होता आणि समोर घर दिसलं. म्हणाला, मरू दे मागणी, सकाळी बघू. धावत सुटला घराकडे. धावतोय, धावतोय. दार जवळ येतंय. आई हात पुढे करतेय.

बिया फोडायच्या थांबलात का रे सगळे? हात चालवा!

तर धावतोय आणि एकदम थबकला. का थबकला? त्याच्या पायांनी थांबवलं त्याला. जन्मभर अनवाणी चाललेले पाय ते. डोळे फसले, कान फसले, पण तळपाय फसेनात. दिवसभर उन्हात तापलेला कातळ सूर्य बुडाला म्हणून लगेच गार होत नाही. सड्यावरची माणसं थंडीत रात्री जेवून त्या कातळावर पाठ शेकायला जातात. अर्धी रात्र होईतो त्याची ऊब जात नाही. आणि हा कातळ गार! बर्फासारखा गार! आणि गुळगुळीत. सड्याचा कातळ असा गुळगुळीत असतो होय? तो टोचतो, खरचटतो, शिव्या द्यायला लावतो.

"ह्यो माजो सडो न्हय!" विश्राम ओरडला.

म्हटल्याबरोबर सगळं फाटलं. घर गेलं, आई गेली, सडा गेला. विश्राम उभा होता मधल्या ओहळात, छातीभर पाण्यात! भरती लागली होती. खाडी परत सासरी निघाली होती. फेस घेऊन, गर्जत. आजूबाजूला नुसतं पाणी, काठच्या तिवरांच्या मुळ्याही बुडालेल्या. आणि नारळ? अहो, नारळ त्याने डोक्यावरच्या मुंडाशात खोचला होता. कधी खोचला त्यालाही माहीत नाही. हातांना मथुरा आठवत होती!

आणि समोर पाण्यावर मांडी घालून बसलेला गिऱ्हा. पोट धरून हसतोय. "खि खि खि! सडो! म्हणे माजो सडो! पुढे ये, पुढे ये. अजून एक पाऊल."

विश्रामला पोहता येत नव्हतं. सड्यावर कुठे पोहणार, दवात? पाणी गळ्याशी आलं. हनुवटीला लागलं. त्याने मनात आईला नमस्कार घातला, मथुरेला नमस्कार घातला. आणि मग त्याला राग आला. घाबरलेल्या माणसाला राग आला की बघा. त्याने समोर तरंगणारे ते लांब केस खसकन धरले आणि मूठभर उपटले!

आणि तुम्हाला ठाऊक आहे, गिऱ्ह्याचा जीव त्याच्या केसांत. ज्याच्या हातात केस, त्याचा तो गडी. विश्रामला हे ठाऊक होतं का? कसलं ठाऊक! रागाने उपटले. पण गिऱ्हा बोंबललाच. "माजे केस! दी रे बाबा, दी! तुज्या पाया पडतंय!"

"पाया नको पडा," विश्राम म्हणाला, तोंडात पाणी जातंय आणि हा बोलतोय, "खांदो दी! माका पुतळाजीच्या बांधार नेवन सोड. मगे केस."

आणि काय सांगू! गिऱ्ह्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि निघाला सपासप पाण्यावरून. चांदणं पडलेलं, खाली भरती उसळतेय, वर विश्राम बसलाय नारळ घेऊन. जीव वाचला म्हणून त्याला असा आनंद झाला की तो मोठ्याने गायला लागला! नवरदेव घोड्यावर बसतात, पालखीत बसतात. भुतावर बसून सासरी गेलेला एकच, आमचा विश्राम! गिऱ्हा खालून कुरकुरतोय, "गाणां नको रे, म्हणतंस तर सूर तरी धर."

मिठागराच्या बांधावर गिऱ्ह्याने त्याला अलगद उतरवलं. विश्रामने केस परत दिले. शब्द म्हणजे शब्द. गिऱ्ह्याने केस डोक्यावर चिकटवले, विश्रामच्या पायांकडे बघितलं आणि खि खि हसत पाण्यात बुडाला. का हसला, ते विश्रामला कळलं नाही.

दारात पुतळाजी बसला होता. माझा आजा म्हणजे मोठ्या मिशांचा माणूस, वर्षाला तीन वाक्यं बोलणार. त्याने नारळ हातात घेतला, कानाशी हलवला, अंगठ्याने दाबला. सुका! विश्रामचं तोंड उजळलं. दाराआडून बांगड्या वाजल्या.

मग पुतळाजीने दिवा खाली धरला. विश्रामच्या पायांवर.

पाय स्वच्छ. लख्ख! चिखलाचा ठिपका नाही. भरतीच्या पाण्याने धुऊन काढले आणि वर गिऱ्ह्याने खांद्यावरून आणले.

"चिखल खंय?" पुतळाजी म्हणाला.

अरे देवा! सुकतीच्या खाडीतून आलेला माणूस गुडघ्यापर्यंत काळा असायला हवा. हे खाडीवाल्यांना इतकं उघड की कोणी कोणाला सांगतच नाही. सड्यावरच्याला नारळाचं सांगितलं, चिखलाचं कोण सांगणार? स्वच्छ पाय म्हणजे होडीतून आला. अंग भिजलेलं? ते काय, होडीतून काठाशी उडी मारली तरी भिजतं. म्हणजे लबाडी केली. म्हणजे पोरगी नाही!

विश्रामने सगळं सांगितलं. म्हातारा, टोपली, सडा, केस, खांदा, सगळं. पुतळाजीच्या मिशीचा केस हलला नाही. "बरां," म्हणाला, "मगे खाडी हंयच आसा. परत जा, चिखल लावन ये. मोदक थांबवतंय."

विश्रामने वळून बघितलं. पाणी बांधाची कड चाटत होतं. तिवरांचे शेंडे तेवढे वर राहिले होते. मग त्याने दाराकडे बघितलं. मथुरा उंबऱ्यात आली होती, हाताला मोदकाचं पीठ, डोळे भरलेले. मान हलवत होती, नको, नको. तिच्यासाठी माणसाने काय केलं नसतं? दुसरा कोणी असता तर छाती फुगवून घातली असती उडी.

विश्राम म्हणाला, "मी जावचंय नाय."

"पोरगी मिळाची नाय हां मगे."

"रडतलंय मी. वर्षभर रडतलंय. घरात मीठ खूप आसा, आसवांची गरज नाय, तरी रडतलंय. पण भरतेच्या पाण्यात पाय घालूचंय नाय. तिका बुडलेलो घो देवन काय करू?"

आणि तेवढ्यात, ऐका! बांधाखाली पाण्यात, अगदी काठाशी, फाडकन आवाज झाला. कोणीतरी तळहात पाण्यावर आपटला, हट्टी पोर आपटतं तसा. एकदा, दोनदा, तीनदा. आणि लांब केसांचं एक डोकं रागाने वर आलं आणि डुबकन खाली गेलं. केस परत मिळालेले, आता तो कोणाचा गडी नव्हता. पाय उगाच स्वच्छ केले नव्हते त्याने! तिथे कडेलाच टपून बसला होता, सासरा याला परत पाठवील, हा शहाणा अभिमानाने उतरेल, म्हणून.

पुतळाजीने ते बघितलं. दिवा खाली ठेवला. आणि आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. "चिखल काय, शेंबडो पोरगो पण लावन येता. भरतेक नाय म्हणणारो जावई माका इतक्या वर्सांत पयलोच गावलो. मथुरा, ताट हाड!"

अहो, मोदक खाल्ले विश्रामने! आत्या मरेपर्यंत सांगायची, किती खाल्ले ते मोजताना सासूचं बोटावरचं गणित संपलं. रात्रभर पाण्यात कोणीतरी हात आपटत होतं आणि घरात सगळी हसत होती. आणि त्या मागणीनंतर पुतळाजीने ती रीतच बंद केली. म्हणाला, जावई दिवसा होडीतून आला तरी चालेल, फक्त त्याला भरतीच्या वेळी काठावर उभा करा आणि उतर म्हणा. उतरला तर घरी पाठवा.

म्हणून सांगते, नीट ऐका. आता वर पूल आहे. लांब पडतो, पडू दे. त्या तिवरांच्या वाटेने रात्री जायचं नाही. सुकती असो, चांदणं असो, पल्याड कोणाच्या दारात तुमच्यासाठी दिवा लावलेला असो, तरी नाही. पायात जीव आहे तोवर पुलावरून जा. आणि दारातल्या मुला, तू मान खाली का घातलीस? पल्याडची कोण आहे रे ती?